डोळे उघडे ठेवूनच बसा

"डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या." कॉलेजातल्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवायच्या सरावाच्या, तासाला पहिली सूचना बहुधा हीच असते. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, जीवघेणं रॅगिंग यांतून गेलेल्या विद्यार्थ्याला नेमकी हीच सूचना बाधू शकते. समोरची खोली दिसेनाशी झाली की जुनी दृश्यं वर येतात. छाती आधीच धडधडत असते, तिच्याकडेच लक्ष नेलं की भीती आणखी चढते.

म्हणून बसायचं ते भिंतीला पाठ टेकून, दार दिसेल असं. डोळे उघडे, नजर समोरच्या फरशीवर. वेळ फक्त २ मिनिटं. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवा, कर्कश गजराने दचकायला नको. लक्ष तळपायांवर: फरशी गार आहे की कोमट, भार टाचेवर आहे की चवड्यावर? शरीराकडे बघणंच नकोसं वाटत असेल तर पंख्याचा आवाज ऐका किंवा हातात किल्ली धरून तिचे दाते चाचपा. मन भरकटणारच, लक्षात आलं की परत आणायचं. आठवडाभर २ मिनिटं नीट जमली, तर ३ करा. रात्री दिवे मालवून, अंथरुणात पडून सुरुवात करू नका. दिवसाउजेडी, लेक्चरच्या आधी बरं.

श्वासाचा व्यायाम करायचाच असेल तर ४ आकडे मोजत आत, ६ मोजत बाहेर, असे पाच-सहा श्वास पुरेत. मध्ये रोखून धरू नका. भराभर मोठे श्वास घेतले की बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि भीतीचा झटकाच आला असं वाटतं.

हातपाय बधिर होणं, खोली लांब गेल्यासारखी वाटणं, मधली काही मिनिटं आठवतच नाहीत असं होणं, ही थांबायची खूण. नेट लावून बसून राहू नका. उभे राहा, दोन्ही तळहातांनी भिंत १० सेकंद जोरात ढकला, आजचा वार, तारीख आणि तुम्ही कुठे आहात ते मोठ्याने म्हणा, दिसणाऱ्या ५ वस्तूंची नावं घ्या, तोंडावर गार पाणी मारा.

वहीत रोज दोनच आकडे लिहा: बसण्याआधी अस्वस्थता १० पैकी किती, नंतर किती. सलग तीन दिवस नंतरचा आकडा वाढलेला दिसला, तर सराव थांबवून समुपदेशकाला ती वही दाखवा. "इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये," हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण तिथल्या विपश्यना शिबिरातलं दहा दिवसांचं मौन आणि रोज साधारण दहा तास ध्यान ही ताज्या जखमेवरची पहिली पायरी नव्हे.

प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडणं, दुःस्वप्नं, त्या वाटेने जाणंच टाळणं हे महिन्याहून जास्त चाललं असेल, तर माइंडफुलनेस पुरणार नाही. ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या अशा आघातावर, उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटे राहू नका. रूममेटला उठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा. सेवा २४ तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.