पुरानंतर गावात लेप्टोचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

२०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडच्या गावांत लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या उंदराच्या, जनावरांच्या मुतातनं पसरणाऱ्या तापाच्या सर्व्हेला फिरलो होतो, तेव्हा ज्या चुका झाल्या त्या सांगतो, कारण दर पावसाळ्यात त्याच परत होताना दिसतात.

पाणी उतरलं की आठ दिवस कॅम्प, मग सगळं गुंडाळून घरी, ही सगळ्यात मोठी चूक. लेप्टोचा जंतू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, कधीकधी महिना पण, म्हणजे खरे पेशंट आपण गेल्यावर सुरू होतात. आशाताईंकडची तापाची नोंद निदान महिनाभर तरी चालू ठेवा.

टेस्टचं पण तसंच. तापाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त घेतलं, आयजीएम एलायझा (रक्तात जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह आली आणि आम्ही पेशंटचं नाव यादीतनं काढलं, हे अजून मनाला लागतं. अँटीबॉडी दिसायलाच ५-७ दिवस लागतात ओ. पहिल्या आठवड्यात पीसीआरची (थेट जंतूच शोधणारी टेस्ट) सोय असेल तर ती करा, नसेल तर ८-१० दिवसांनी दुसरं सॅम्पल घ्याच, आणि डॉक्टरांना संशय असेल तर रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नसतं.

नुसतं "ताप हाय का?" विचारलं की बायका "भांगलून अंग दुखतंय, दुसरं काय न्हाई" म्हणतात. पोटऱ्या भरून आल्यात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी झालीय का, असं विचारा. आणि सकाळी ११ ला जाऊन कुलूप बघून 'घर बंद' लिहू नका, ज्यांच्या पायाला भेगा आहेत, उसाच्या पाल्यानं कापलंय, तीच माणसं तेव्हा चिखलात असतात आणि उंदराच्या, जनावरांच्या मुतातनं चिखलात आलेला जंतू अशा जखमेतनं शिरतो. संध्याकाळी दूध घालायच्या टायमाला डेअरीपाशी थांबा, निम्मा गाव तिथंच भेटतो.

लेप्टो होऊ नये म्हणून देतात ती डॉक्सीसायक्लिनची गोळी नुसती वाटून मोकळं होऊ नका. मोठ्या माणसाला आठवड्यातनं एकदा २०० मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच, जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, मग पुढच्या आठवड्याची गोळी कोण खात नाही. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालची पोरं, यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा.

आणि दिवाळीच्या आसपास बीडकडनं ऊसतोड टोळ्या येतात, ओल्या फडात उतरतात, त्यांची नावं गावच्या यादीत नसतातच. त्यांच्या कोप्यांवर (राहायच्या झोपड्यांवर) रात्रीच जावं लागतं, पहाटे ती माणसं फडात गेलेली असतात.