गलबताचं शीड आणि दोर: मला काय जमलं

मॉडेल मराठा आरमारातल्या गलबताचं, 1:50 मापाचं. गलबताला डोलकाठ्या दोनच. मोठीवर एक भलंमोठं तिकोनी शीड, आणि ते चढवलं की टोक डोलकाठीच्याही वर जातं. बघणाऱ्याची नजर आधी तिथंच. कापड ढोबळ दिसलं की खालचं सगळं सुतारकाम फुकट.

मलमल चहाच्या पाण्यात उकळली, पांढराफटकपणा गेला. मशीनवर कड दुमडली तर या मापात ती गोधडीची किनार वाटते, म्हणून शिवलंच नाही. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून कडेने ब्रशने लावला, वाळल्यावर नव्या ब्लेडने कापलं. धागा सुटत नाही. खरी शिडं पट्टे जोडून शिवतात. ते सांधे टोकदार पेन्सिलीने 12 मिलिमीटरवर ओढले, म्हणजे प्रत्यक्षात 60 सेंटिमीटरचा पट्टा. फुगवट्यासाठी ओलं शीड फुग्यावर पसरून रात्रभर वाळवलं. (फुगा घरातल्या पोरांपासून लपवा.)

दोरांची कटकट वेगळीच. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो, हवा कोरडी झाली की ढिला पडतो आणि डोलकाठी कलते. त्यात त्याची लव! तपकिरी पॉलिस्टर दोरा मेणावरून ओढून घेतला, दोन्ही प्रश्न मिटले. युरोपीय जहाजांसारखे डांबरी काळे दोर इथे नकोत, काथ्याचाच रंग शोभतो. ताण देताना एक डावीकडचा, एक उजवीकडचा असं आलटून पालटून बांधायचं. गाठीवर इन्स्टंट ग्लू पांढरा डाग सोडतो. पातळ फेव्हिकॉलचा थेंब पुरतो.