‘अंदाजे सांगा ना!’ : वेबसाइटचा दर ठरवताना या चुका टाळा

फ्रीलान्सिंग नुकतंच सुरू केलेली मुलं मला फोन करून एकच प्रश्न विचारतात : "दादा, पाच पानांच्या वेबसाइटचे किती सांगू?" मी विचारतो, पानांवर काय आहे? मजकूर कोण देणार? तिकडे शांतता. आकड्याची घाई यांना क्लायंटपेक्षा जास्त.

फोनवर आकडा सांगणं ही पहिली चूक, आणि ती मी स्वतः पोटभर केली आहे. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. "साधीच हवी हो. अंदाजे सांगा ना, मी काही धरून बसत नाही." मी म्हणालो, पंधरा हजार. काका धरूनच बसले.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवंय. पाचाची दहा पानं झाली. मराठी मजकूर आला तो पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधून, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. वेबला लागतं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट दिसणारी अक्षरं. श्रीलिपीतलं तसंच चिकटवलं तर अक्षरांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटतात. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार उडालेले, जोडाक्षरं फुटलेली. दोन रात्री मी डेव्हलपर नव्हतो, मुद्रितशोधक होतो. मग पुतण्यानं सुचवलं की पैसेही ऑनलाइन घेता आले पाहिजेत. पेमेंट गेटवेवाल्यांना, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणाऱ्या कंपन्यांना, साइटवर रिफंड आणि प्रायव्हसी पॉलिसीची पानं लागतात. ती कोण लिहिणार? अर्थात मीच.

शेवटी वहीत बेरीज केली : २४० तास. म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा जास्त कमवत होत्या, आणि त्यांना कुणी ‘त्याच पैशात आता पुरणाच्या पण करा’ म्हणत नव्हतं. काकांना दोष देत नाही. त्यांनी मागितलं, मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून फोनवर एकच वाक्य : "उद्या संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो." कागदावर पानं किती, भाषा किती, युनिकोड मजकूर कोण आणि कधी देणार, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन. खाली ‘यात काय नाही’ ही यादी, आणि ती वरच्या यादीपेक्षा लांब असते. तासांचा जो अंदाज येतो त्याची दीडपट करतो. यामागे शास्त्र वगैरे काही नाही. दीडपट केली नाही तेव्हा तेव्हा पस्तावलोय.

दुसरी लाडकी चूक म्हणजे नोकरीच्या पगारावरून दर काढणं. पगार ४०,००० होता, महिन्याचे १७६ तास, म्हणून तासाला २२७ रुपये. झालं, दर ठरला! अहो, त्या १७६ तासांत क्लायंटशी फोन, कोटेशनं, पैशांसाठी तगादा हे सगळं आलं. बिल लावता येतं ते नव्वदएक तासांचं. शिवाय लॅपटॉप, इन्व्हर्टर, नेट, मेडिक्लेम तुमच्याच खिशातून. महिन्याला दहा हजार धरा. ५०,००० भागिले ९० केलं की ५५५ येतात. दुपटीहून जास्त! आणि यात कामाविना गेलेला एकही महिना धरलेला नाही. एवढा भागाकार करायचा कंटाळा येतो म्हणून पोरं यूट्यूबवर कुणीतरी दाखवलेलं रेट कार्ड उचलतात. तो माणूस कुठल्या शहरात, कुणासाठी, काय बनवतो याचा पत्ता नसतो.

बाकीच्या झटपट सांगतो. ‘पुढचं मोठं काम तुम्हालाच’ या आमिषावर सूट देऊ नका. द्यायचीच तर पुढच्या कामाच्या बिलात द्या. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कोड लिहायचा एडिटर उघडू नका. फाइव्हर या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइटवर काम घेत असाल तर २० टक्के तिथेच कापले जातात, दर त्यावर चढवूनच लावा. टीडीएस, म्हणजे क्लायंटनं बिलातून आधीच कापलेला आयकर, कापला म्हणजे पैसे बुडाले नाहीत, पण रिटर्न भरेपर्यंत ते हातात नसतात, एवढं लक्षात ठेवा.

जीएसटी नोंदणी असेल तर ‘अधिक १८ टक्के’ असं कोटेशनमध्येच लिहा. नाहीतर क्लायंट ५०,००० म्हणजे सगळं धरून असं समजतो आणि तुमच्या हाती ४२,३७३ उरतात. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सहसा करावीच लागते.

‘आता एआय करतं ना सगळं, मग स्वस्तात करा’ हेही हल्ली ऐकू येतं. करतं ना. श्रीलिपीची फाइल त्याला देऊन बघा, आणि मग रफार मोजत बसा.

आणि डोमेन-होस्टिंग, म्हणजे साइटचा पत्ता आणि ती ठेवायची भाड्याची जागा, क्लायंटच्याच नावावर, क्लायंटच्याच कार्डावर घ्यायला लावा. पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव बघून आपण दर धरतो, रिन्यूअलला तो बराच वर गेलेला असतो. हळदवाल्या काकांचं डोमेन अजून माझ्याच कार्डावरून रिन्यू होतंय. दिवाळीला ते किलोभर हळद पाठवतात, म्हणून मागायला जीभ रेटत नाही.