बिअर्डेड ड्रॅगनला किडे खायला घालताना

आमच्या घरी गॅलरीच्या दाराशी जाळीचं झाकण असलेला एक डबा असतो. पाहुण्यांनी त्याकडे बोट दाखवलं की सासूबाई "तो खंडूचा डबा आहे" एवढंच सांगतात आणि चहाचं विचारतात. खंडू म्हणजे आमचा चार वर्षांचा बिअर्डेड ड्रॅगन, आणि डब्यात असतात त्याचे जिवंत किडे. घर पूर्ण शाकाहारी. पहिल्या वर्षी श्रावणाचा प्रश्नही निघाला होता, पण खंडू काही श्रावण पाळेना.

हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातल्या आतल्या, कोरड्या प्रदेशातला. तिथून तो व्यापारासाठी बाहेर पाठवायला बंदी आहे, त्यामुळे बाहेरच्या देशांत रीतसर पाळले जातात ते कैक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. "जंगलात काहीही खातो, मग घरी का नको" हे म्हणणं म्हणून टिकत नाही. आपल्या गच्चीवरचा नाकतोडा त्याच्या आज्यानेही कधी पाहिलेला नाही.

किडा म्हणजे पिशवी, हे एकदा मनात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं. पिशवीत जे भरलेलं असेल, तेच सरड्याच्या पोटात जाणार. विष असेल तर विष, नुसता कोंडा असेल तर नुसता कोंडा.

किडे आणायचे कुठून

पाळलेलेच किडे आणा. पुण्या-मुंबईत मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानांत सुपरवर्म आणि मीलवर्म (दोन्ही भुंग्यांच्या अळ्या) मिळतात, कारण अरोवाना पाळणारे ते माशांना घालतात. ड्यूबिया झुरळं आणि क्रिकेट्स बहुतेक हौशी लोक घरी वाढवून विकतात. (क्रिकेट म्हणजे आपला रातकिडा. फोनवर "क्रिकेट आहे का?" असं विचारलं की समोरचा कधी कधी स्कोअर सांगतो.) विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: किड्यांना काय खायला घालता, आणि दुकानात औषधफवारणी शेवटची कधी झाली? डब्यात मेलेल्या किड्यांचा खच असेल, उग्र वास येत असेल, तर तसेच परत फिरा.

बाहेरून पकडलेला किडा नको. सोसायटीत पेस्ट कंट्रोल कधी झालं, शेजारच्यांनी कुंड्यांवर काय मारलं, हे आपल्याला कळत नाही. स्वयंपाकघरातलं झुरळ तर मुळीच नको. कपाटाच्या कोपऱ्यात लावतात त्या जेलचा ठिपका त्याने खाल्लेला असू शकतो आणि ते लगेच मरतही नाही. औषधाशिवायही रानातल्या किड्यांतून पोटातले जंत येतात.

काही किडे स्वतःच विषारी असतात. त्यांत सगळ्यात घातक काजवा. मे-जूनमध्ये भंडारदरा-पुरुषवाडीकडे काजवे बघायला गेलात आणि एखादा डबीत घालून घरी आणायचा मोह झाला, तर तो आवरा. काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आणि एकाच काजव्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. त्या नोंदी अमेरिकेतल्या काजव्यांच्या आहेत, पण आपले काजवे चालतात का, याची परीक्षा स्वतःच्या सरड्यावर घ्यायचं कारण नाही. रुईच्या पानांवरच्या पट्टेरी अळ्या, भेंडी-तुरीच्या फुलांवर बसणारे काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगे, केसाळ सुरवंट, गोम, विंचू, गांधीलमाशी ही सगळी मंडळीसुद्धा त्याच यादीत.

कोणता किडा कशासाठी

ड्यूबिया झुरळ हा माझ्या मते रोजच्या जेवणाला सगळ्यात बरा. मऊ, मांसल, वास नाही, आवाज नाही, आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या भिंतीवर चढता येत नाही. "झुरळ" या शब्दाची किळस मात्र घरच्यांना कायम येते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

क्रिकेट्सही उत्तम, पण ते उड्या मारून निसटतात आणि कपाटामागून रात्रभर गातात. सुपरवर्म आणि मीलवर्ममध्ये चरबी जास्त असते, त्यामुळे ते मोठ्या सरड्याला आठवड्यातून एकदा-दोनदा, खाऊ म्हणून. मीलवर्मची साल कडक असते, तेव्हा लहान पिल्लाला देऊ नये. सुपरवर्म पोट कुरतडून बाहेर येतो ही कथा तुम्हालाही कुणीतरी सांगेल. ती खोटी आहे. तो चावतो मात्र खरा, म्हणून चिमट्यानेच द्यावा.

ओल्या कचऱ्याचं खत घरी करत असाल, तर ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतीलच, बादलीत वळवळणाऱ्या करड्या अळ्या. त्यांच्यात कॅल्शियम इतर किड्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून सरडे पाळणाऱ्यांना त्या फार आवडतात. पण खताच्या बादलीतल्या उचलू नका, कुजलेल्या कचऱ्यावर वाढलेली पिशवी नको. प्राण्यांच्या खाद्यासाठी वेगळ्या वाढवलेल्या मिळाल्या तरच घ्या.

तुतीवरची रेशीम अळीही मऊ आणि पचायला हलकी असते. मराठवाड्यात कुणी नातेवाईक रेशीम शेती करत असतील, तर सहज मिळू शकते. फक्त संगोपनगृहात रोग येऊ नये म्हणून अळ्यांवर चुना आणि निर्जंतुक पावडरी धुरळतात, त्यामुळे रॅकवरची अळी थेट खायला घालू नये. चॉकीतल्या, म्हणजे अंड्यातून निघून थोडेच दिवस झालेल्या, लहान अळ्या मागून आणा, घरी न फवारलेल्या तुतीच्या पाल्यावर वाढवा आणि मग वापरा.

आणल्यानंतरचे दोन दिवस

इथे बहुतेक जण चुकतात. मीही चुकले. दुकानातून आलेला किडा उपाशी तरी असतो, नाहीतर नुसत्या कोंड्यावर जगलेला. तो त्याच संध्याकाळी खायला घातला, तर सरड्याला रिकामी पिशवी मिळते. आधी किड्यांना निदान २४ ते ४८ तास चांगलं खायला घाला.

आडव्या, हवा खेळणाऱ्या डब्यात अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावा. वाण्याकडे मागितले तर फुकट मिळतात. झाकणाची जाळी धातूची घ्या, प्लास्टिकची जाळी क्रिकेट्स कुरतडतात. खायला लाल भोपळा, गाजर, रताळं यांचे तुकडे आणि शेवग्याचा किंवा तुतीचा पाला द्यायचा. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. सगळं दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण भाजीवरची फवारणीही पिशवीत जाते. पाण्याची वाटी ठेवू नका, किडे त्यात बुडून मरतात. गाजराच्या ओलाव्यावर त्यांचं भागतं. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढायचा, नाहीतर बुरशी येते. मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवले तर मंदावतात आणि टिकतात, सुपरवर्म तिथे मरतात.

मुंग्या लागतातच. गुळाच्या डब्याला करतो तेच इथे करा: परातीत पाणी घालून डबा मध्ये विटेवर ठेवा. मुंग्यांच्या खडूची रेघ डब्याभोवती ओढू नका. मच्छरांचं लिक्विडही त्या खोलीत नको. पहिल्या पावसाळ्यात मी डबा बेडरूममध्ये हलवला, रात्री सवयीने मशीन लावलं, आणि सकाळी शंभरेक क्रिकेट्स उताणे. ते मेले हे बरंच झालं. अर्धमेले राहिले असते, तर मी ते खंडूला घातले असते.

मापाचं

सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका. पिल्लाच्या बाबतीत हा नियम अगदी काटेकोर पाळा. मोठा घास घशात अडकतो, नाहीतर न पचता आतड्यात बसून राहतो. वाळवलेले किडे बरणीत मिळतात, पण त्यांत पाणी नसतं. ते मी प्रवासापुरतेच वापरते.

पावडर

क्रिकेट असो की झुरळ, बहुतेक किड्यांमध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. सरड्याला हवं असतं उलट, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. ही तूट भरली नाही, तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. मग जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात.

म्हणून फॉस्फरस नसलेली, सरड्यांसाठी बनवलेली कॅल्शियम पावडर आणा. प्लास्टिकच्या पिशवीत त्या जेवणापुरते किडे आणि चिमूटभर पावडर घालून हलकेच हलवा. पीठ भुरभुरल्यासारखा पातळ थर पुरतो, वडीसारखा घोळवायचा नाही. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून पाच दिवस, मोठ्याला दोन-तीन दिवस. सरड्यांचं मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा. डी-३ जीवनसत्त्व असलेली पावडर रोज थापू नका, ते शरीरात साठतं.

लोक काय काय वापरतात ते ऐकून अंगावर काटा येतो. पानाला लावतात तो चुना कॅल्शियमच की, असं एकाने मला खरोखर विचारलं. तो दाहक असतो, तोंड आणि घसा भाजतो. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्याही कुटून घालू नका, त्यांतलं डी-३ सत्तर किलोच्या माणसाच्या हिशेबाने असतं.

दिव्याशिवाय जेवण नाही

सरडा पचवतो तो बाहेरच्या उष्णतेवर. पिंजऱ्यात दिव्याखाली ऊन घेण्याच्या जागेचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवं. ते इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. कोविडच्या काळातली कपाळावर रोखायची बंदूक इथे उपयोगी नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते. सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने पहिलं जेवण आणि दिवे जायच्या निदान दोन तास आधी शेवटचं. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून खंडूचा गुरुवार पाल्यावर. उपासच म्हणा.

यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणाऱ्या, ट्यूबशिवाय वरची सगळी पावडर वाया जाते, कारण त्या किरणांवरच त्याचं शरीर डी-३ बनवतं आणि कॅल्शियम शोषतं. काच ते किरण अडवते, खिडकीतलं ऊन धरायचं नाही. ट्यूब सहा ते बारा महिन्यांनी बदला. उजेड दिसत राहतो, पण किरण कमी झालेले असतात.

किती आणि कितीदा

तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. वर्षाच्या आत दिवसातून एकदा-दोनदा. दीड वर्षापुढे आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि ताटात मुख्यतः पाला. लहानपणी पाऊण हिस्सा किडे, मोठेपणी बरोबर उलट. खंडू काचेला नाक लावून बघतो तेव्हा मला कितीही दया आली, तरी तो भुकेला नसतो, आशाळभूत असतो. हिवाळ्यात काही मोठे सरडे आपणहून खाणं कमी करतात आणि झोपून राहतात. वजन टिकून असेल तर कोंबून भरवू नका.

भरवताना आणि नंतर

बोथट टोकाचा चिमटा घ्या. क्रिकेट्स पाच-सहाच सोडा, ते संपले की पुढचे. जेवण झालं की उरलेले मोजून काढा. हे अगदी कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं. रात्री दिवा गेल्यावर भुकेले क्रिकेट्स झोपलेल्या सरड्याची बोटं, शेपटी, पापण्या कुरतडतात. एखादा सापडलाच नाही, तर कोपऱ्यात गाजराचा तुकडा ठेवा, तो तिथे येतो.

नंतर साबणाने हात धुवा. या सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून ताटली, चिमटा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलांनी लांबूनच बघावं.

पाच-सहा दिवस शी झाली नाही, मागचे पाय ओढतो आहे, किंवा पोट टणक लागतं असं वाटलं, तर घरगुती औषधं न करता सरड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. वर्षातून एकदा जंतांसाठी शी तपासून घ्या. नमुना त्याच दिवशीचा, स्वच्छ डबीत, आणि काही तास फ्रिजमध्ये ठेवावा लागला तर डबीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडे एकदा ती लसणाच्या चटणीशेजारी होती.