पद्मिनीच्या टपावरचं रेक्झिन काढताना

टपावरच्या रेक्झिनवर अंगठा ठेवून हळू दाबायचं. खाली पत्रा टणक लागला तर उत्तम. पण पापड मोडल्यासारखं काही कुरकुरलं, तर आत गंजाचे पापुद्रे सुटलेत हे नक्की. आमच्या आप्पांच्या १९८१ सालच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा टप पुढे ठणठणीत होता आणि मागच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत कुरकुरत होता. त्या दोन कोपऱ्यांत आमचा अख्खा मार्च गेला.

त्या काळी फियाटला, म्हणजे या पद्मिनीला, काळं रेक्झिन चढवून घ्यायची हौस पुष्कळांना होती. ‘व्हिनाइल टॉप’ म्हणायचे. आप्पांनी ते पांढऱ्या गाडीवर बसवून घेतलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. गाडी घरी आली तेव्हा आईनं दारात तिला पुन्हा एकदा ओवाळलं होतं. त्यामुळे ते काढायचं म्हटल्यावर माझाच हात धजत नव्हता. पण रेक्झिनच्या पाठीला कापड असतं. शिवणीतून, काचेच्या रबराखालून शिरलेलं पाणी ते कापड धरून ठेवतं. वर प्लास्टिक आणि खाली पत्रा, म्हणजे त्या ओलाव्याला सुकायला वाटच नाही. रंग उडालेला टप दिसतो तरी. रेक्झिनखालचा टप आतल्या आत सडतो आणि वरून झकास दिसत राहतो.

काम काढायचं ते होळीनंतर, आणि मृगाच्या आधी हातावेगळं होईल अशा बेतानं. उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. कोकणात खारं वारं असल्यानं तर संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. म्हणून रेक्झिनला हात घालण्याआधी प्रायमर, थिनर, पॉलिश पेपर घरात आणून ठेवा आणि टिंकरची, म्हणजे पत्रा ठोकून-जोडून देणाऱ्या कारागिराची, वेळ पक्की करा. रेक्झिन फाडणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पत्रा झाकायची तयारी नसेल तर ते फाडूच नका.

आधी काचा काढायच्या. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या काचा रबरात बसवलेल्या असतात आणि रेक्झिनची कड त्याच रबराखाली दाबलेली असते. जुनं रबर इतकं कडक झालेलं असतं की ते वाचवण्याच्या नादात काच जाते. नवं रबर आणायचंच आहे असं धरून चाला, आणि जुन्याची बाहेरची कड धारदार सुरीनं कापून टाका. मग एकानं आत बसून वरच्या कोपऱ्याजवळ दोन्ही तळव्यांनी सावकाश रेटा द्यायचा, दुसऱ्यानं बाहेर गोधडी धरून काच झेलायची. काच जमिनीवर आडवी ठेवू नका, भिंतीला उभी टेकवा.

त्यानंतर आतलं छताचं कापड. ते सळ्यांवर ताणलेलं असतं. प्रत्येक सळीवर खडूनं क्रमांक घाला, पुढून मागे. सळ्यांची लांबी आणि बाक थोडा थोडा वेगळा असतो, आणि चुकीच्या जागी बसवली की कापडाला झोळ येतो. हे कापड काढायचा कंटाळा करू नका. वेल्डिंगची ठिणगी त्याच्यावर पडली तर गाडी पेटेल.

आता रेक्झिन. गाडी सकाळी दहापासून उन्हात ठेवा. काळा टप दुपारी हाताला चटका देतो, आणि तीच उष्णता डिंक मऊ करायला कामी येते. सुरुवात मागच्या खांबाच्या, म्हणजे मागच्या काचेच्या बाजूला टप पेलणाऱ्या पत्र्याच्या, तळापासून करा. तिथली पट्टी स्क्रूवर असते. गंजलेल्या स्क्रूला आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं तर डोकं घासत नाही. मग दरवाज्यांवरची पन्हळ. तिच्यात खोचलेली रेक्झिनची कड लाकडी पाचरीनं उचलायची. लोखंडी पटाशी लावाल तर पन्हळीचा पत्रा वाकेल, आणि तो सरळ करणं फार जिकिरीचं असतं.

कड सुटली की कात्रीनं वीतभर रुंदीच्या पट्ट्या पाडा. सुरी वरून दाबून ओढू नका, प्रत्येक ओळ पत्र्यावर कायमची उमटते. पट्टी वर खेचायची नाही. तिच्याच अंगावर उलटी दुमडून, टपाला जवळजवळ चिकटून मागे ओढायची. म्हणजे कापडही बरोबर येतं. वर खेचली की प्लास्टिक हातात आणि कापड टपावर, आणि तेवढ्यानं काम दुप्पट होतं.

जिथं ऊन पुरत नाही तिथं गरम हवा फेकणारी हीट गन लागते, आणि इथं माझी मोठी चूक झाली. टपाच्या मधोमध एक चिवट पट्टा सुटत नव्हता, म्हणून मी गन एकाच जागी धरून ठेवली. पट्टा सुटला, पण ताटाएवढ्या भागातला पत्रा ताणला गेला. बोट लावलं की खाली ‘टक’, सोडलं की वर ‘टक’. टिंकरनं तो बारीक ठोकून, गरम करून, ओल्या फडक्यानं गार करून आवळून आणला, त्यात दोन दिवस गेले. टपाचा पत्रा मोठा, सपाट आणि आधाराविना असतो. उष्णता त्याला सोसत नाही. गन वीतभर लांब ठेवा, सतत हलवत राहा, आणि हाताला चटका बसेल इतपतच तापवा. धूर दिसला की थांबा. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. ते जळलं की निघणारा वायू छातीत झोंबतो, म्हणून काढलेले तुकडेही पेटवून देऊ नका.

मग उरतो डिंक. आमच्या टपावर तो चाळीस वर्षांत काकवीसारखा तपकिरी झाला होता, काही ठिकाणी काचेसारखा ठिसूळ. ठिसूळ डिंक प्लास्टिकच्या पात्यानं आपोआप उडतो. चिकट असेल तिथं थिनरमध्ये भिजवलेलं सुती फडकं अंथरा, वर प्लास्टिकचा कागद घाला, पंधरा मिनिटं सोडा, आणि मग खरवडा. कागद नसेल तर थिनर उडून जातो आणि डिंक होता तसाच राहतो. हे काम हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, आणि हीट गन बंद करून दूर ठेवल्यावरच. पेट्रोल वापरा असं सांगणारे भेटतील; कृपा करून वापरू नका. ग्राइंडरचा ब्रशही डिंकावर चालवू नका. डिंक वितळून सगळीकडे पसरतो.

टप उघडा झाला की रात्र होऊ द्या. अंगणातला दिवा बंद करा, एकानं आत बसून बॅटरीचा झोत वर मारायचा, दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. दिवसा नुसता खडबडीत वाटणारा गंज रात्री सुईएवढ्या भोकांतून चमकतो. आम्ही मागच्या डाव्या कोपऱ्यात एकोणीस भोकं मोजली. आप्पा खुर्ची घेऊन बाहेर बसले होते. म्हणाले, “अगं, चांदणंच पडलंय की.”

भोकांवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देणारे कारागीर आहेत. दोन पावसाळ्यांत ती लांबी फुगून खपली निघते, कारण मागून पाणी येतच असतं. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा बसवा. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथं एक टाका, समोर एक टाका, गार होऊ द्यायचं, पुन्हा पुढचा. पट्टीच्या स्क्रूची भोकंही याच वेळी बुजवून घ्या. भोक नसलेला वरवरचा गंज ८० नंबरच्या पेपरनं घासून, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावून, डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन कोरडा करा.

त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, आणि लांबी त्याच्यावर. लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. पाणी लावून घासणं पुढच्या, म्हणजे रंगाआधीच्या सरफेसरच्या थरावर. पन्हळीच्या सांध्यात सीलर भरायला विसरू नका. रंग आरसी बुकात लिहिलेलाच द्या. वेगळा हवा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

परदेशात राहून तिथली जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांना व्हिनाइल पुष्कळदा कारखान्यातच लागायचं. त्यामुळे टप आणि मागच्या खांबाचा शिशानं भरलेला सांधा नीट गुळगुळीत केलेला नसतो, आणि चमकत्या पट्ट्यांचे खुंट पत्र्याला वेल्ड केलेले असतात. तो सांधा कोरडा घासू नका, शिशाची धूळ फुप्फुसात जाते.

नवं रबर बसवताना आधी ते काचेवर चढवा, त्याच्या खाचेत सगळीकडून नाडा घाला, साबणाचं पाणी लावा, आणि बाहेरून एकजण काच दाबत असताना आतून नाडा हळूहळू ओढा. नाड्याबरोबर रबराचा ओठ पत्र्यावर चढत येतो.

छताचं कापड मात्र लगेच घालू नका. आम्ही मागच्या काचेखालच्या फळीवर वर्तमानपत्र पसरलं, बॅटरी घेऊन आप्पा मागच्या सीटवर बसले, आणि मी बाहेरून नळीनं दहा मिनिटं पाणी सोडलं. पहिल्या वेळी उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग आला. रबर उचलून सीलर भरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडलं. आप्पांनी काच खाली करून कोरडा कागद बाहेर धरला, तेव्हा मी एक नंबरची सळी हातात घेतली.