कॉन्टेस्टसाठी गेम किंवा सिम्युलेशन बनवताय? मग हे आधी वाचा
सुरुवातीला प्रत्येकाच्या डोक्यात दहा लेव्हलचा, मल्टिप्लेअर वगैरे असलेला गेम असतो, तो बाजूला ठेवा. एकच गोष्ट घ्या आणि दोन दिवसांत ती खेळता येईल एवढी उभी करा, चित्रांच्या जागी साधे चौकोन चालतात. स्क्रॅच, पायगेम, गोडो ही गेम बनवायची टूल्स, तिन्ही फुकट आहेत, जे येतंय तेच वापरा, कॉन्टेस्टच्या आठवड्यात नवीन टूल शिकत बसू नका.

सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवर नक्कल, करणार असाल तर आधी प्रश्न ठरवा, नाहीतर स्क्रीनवर छान दिसतं पण यातून कळलं काय असं परीक्षकांनी विचारलं की उत्तर नसतं. समजा जंगलातली आग घेतली. १०० बाय १०० ची ग्रिड म्हणजे चौकोनी घरांची जाळी, किती टक्के घरांत झाड असेल ते स्लायडरवर, सगळ्यात डावीकडची झाडं पेटवायची आणि आग फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पसरू द्यायची. ५० टक्क्यांना ती लवकरच विझते, ७० ला पार उजव्या टोकाला पोचते, आणि मजा आहे ५९ च्या आसपास, तिथे स्लायडर जरासा सरकवला तरी निकाल पालटतो! प्रत्येक टक्क्याला ५०-१०० वेळा चालवा आणि आग किती वेळा पलीकडे पोचली त्याचा ग्राफ काढा. एक चूक हमखास होते, पुढची स्थिती त्याच ग्रिडमध्ये लिहिली जाते आणि एकाच स्टेपमध्ये आग अख्खी ओळ खाऊन टाकते, त्यामुळे नवीन स्थिती दुसऱ्या ग्रिडमध्ये लिहा.

गेमवाल्यांनी वेग फ्रेमवर, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, ठेवू नका. दर फ्रेमला ५ पिक्सेल म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर सेकंदाला ३०० पिक्सेल, पण १४४ वर ७२०, म्हणजे परीक्षकांच्या मशीनवर तुमचा हिरो सुसाट पळणार. वेग सेकंदाच्या हिशोबात लिहा आणि मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळेने गुणा.

मग मित्राला खेळायला द्या आणि तोंडातून शब्द काढू नका. तो जिथे अडकला तिथे तुमचा गेम अडकतो, त्याला सांगण्यापेक्षा गेम बदला. मला तरी सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं.

आवाज, चित्रं दुसऱ्याची घेतली असतील तर लायसन्स बघून श्रेय लिहा. फाइल आदल्या दिवशीच अपलोड करा, आणि त्याआधी ज्यावर काहीच इन्स्टॉल नाही अशा दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा.