ओकच्या फळांची उखळं शोधताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात तिथले मूळ रहिवासी ओक झाडाची फळं कातळातल्या उखळांत कांडायचे. असं उखळ दिसलं की पुरातत्त्वाच्या कामातली नवखी मंडळी आधी हात घालून ते साफ करतात. कृपा करून थांबा. तळाशी बसलेली माती हाच तर पुरावा असतो.

एका सर्वेक्षणात आमच्यातल्या नव्या मुलाला मुसळीचा दगड सापडला. फोटो छान यावा म्हणून त्याने तो नळाखाली धरून टूथब्रशने घासला. "ताई, बघा कसा चकचकीत झालाय!" दगड खरंच चकचकीत होता, आणि बादलीतलं पाणी गढूळ. खाचांमध्ये अडकलेले ओकच्या पिठाचे पिष्टकण, म्हणजे स्टार्चचे कण, त्या पाण्यात गेले. थोडे उरले असतील, पण त्यांवर भरवसा कसा ठेवणार? तेव्हापासून दगड मी मातीसकट पिशवीत घालते, शेजारची चमचाभर माती तुलनेसाठी वेगळी घेते आणि पावडरवाले हातमोजे वापरत नाही. त्या पावडरीत मक्याचा स्टार्च असतो आणि तोच मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत राहतो. यात घाई करणाऱ्याला मी काम देत नाही.

दुसरी चूक म्हणजे 'खोल उखळ म्हणजे जुनं उखळ'. वेस्टर्न मोनो या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या जाणत्यांनी सांगितलेला हिशोब वेगळाच आहे: साधारण साडेपाच सेंटीमीटरपर्यंतची उथळ उखळं ओकची फळं भरडायला, तिथून साडेनऊपर्यंतची पीठ बारीक करायला आणि त्याहून खोल उखळं रानबियांसाठी. म्हणजे खोली कामाप्रमाणे ठरायची. मिवोक या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांच्या चाव्से या ठिकाणी एकाच संगमरवरी चुनखडकावर १,१८५ उखळं आहेत. तिथे नुसत्या खोलीवरून वय काढत बसणं म्हणजे कांडणाऱ्या बायकांच्या कामाकडे पाठ फिरवणं. मी आधी प्रत्येक उखळाची खोली आणि तोंडाची रुंदी वहीत लिहिते, तर्क नंतर.

पावसापाण्याने झालेल्या खळग्याला उखळ म्हणू नका. कडेवरून बोट फिरवा, कांडून आलेला गुळगुळीतपणा कळतो.

ओकच्या फळांची जळकी टरफलं जोराच्या पाण्याखाली चाळू नका, चुरा होतो.

आणि टरफलं मिळाली नाहीत म्हणून 'इथे ओकची फळं खात नव्हते' असं लिहू नका. ती टरफलं पातळ, लवकर नाहीशी होणारी. पिठातला कडवटपणा काढायला ओढ्याकाठच्या वाळूत उथळ खड्डा करून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतत. पहिल्या पुरात तो खड्डा सपाट. मग मी आसपास तडकलेले दगड शोधते: तापवलेले दगड टोपलीत टाकून त्या पिठाची पेज शिजवायचे.